वणवा विझवला म्हणजे पक्षी वाचले?

तळ्याकाठची (धागाकर्ती)

फेब्रुवारी उजाडला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो. जळालेलं घरटं, काळी पडलेली अंडी, खाली "एक वणवा, हजारो पाखरांची राख". यंदा त्याखाली मी "सगळ्याच आगी वाईट नसतात" एवढंच लिहिलं, तर 'अमेरिकेत बसून अक्कल शिकवू नका' असं उत्तर आलं. म्हणून ग्रुप सोडून इथे लिहितेय. इथली मंडळी निदान आधी वाचतात, मग भांडतात.

माझं म्हणणं एवढंच, की काही जंगलांत आग विझवण्याचं काम चोख झालं की तिथले गाणारे पक्षी त्या चोखपणानेच मरतात. मी राहते त्या मिशिगनमध्ये हे घडून गेलंय.

राज्याच्या उत्तरेला ग्रेलिंग आणि मायो या गावांभोवती मैलोन्मैल वाळू आहे, हिमनद्यांनी मागे टाकलेली. तिच्यात जॅक पाइन सोडला तर फारसं काही तग धरत नाही. झाड दिसायला किरकोळ आणि वेडंवाकडं, लाकूडवाल्यांनाही त्याचं कौतुक नाही. त्याचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात आणि वर्षानुवर्षं फांदीवर तसेच बसून राहतात. मी एक हातात घेऊन नखाने उचकटून पाहिला. नख तुटलं, खवला जागचा हलला नाही. आगीची धग लागली की मात्र राळ वितळते, खवले उघडतात आणि बी जळून मोकळ्या झालेल्या वाळूवर पडतं. जुनं जंगल जातं आणि त्या जागी एकाच वयाची हजारो रोपं वर येतात.

या कोवळ्या पाइनांमध्ये कर्टलंड वॉर्बलर घरटं करतो. पाठ निळसर राखाडी, पोट पिवळं, वजन चौदाएक ग्रॅम, शेपटी सारखी खालीवर. आवाज पाव मैलावरून ऐकू येतो. घरटं जमिनीवर असतं, सगळ्यात खालची फांदी जिथे गवताला टेकते त्या आडोशाला. झाड पाच-सहा वर्षांचं झालं की असा आडोसा तयार होतो. वीसेक वर्षांचं झालं की खालच्या फांद्या वाळून गळतात आणि पक्षी ती जागा सोडतो. शिवाय चार झाडांचा तुकडा त्याला चालत नाही, निदान ऐंशी एकर सलग लागतात.

आता आगीचं. १९१० साली आयडाहो आणि मॉन्टानात दोन दिवसांत तीस लाख एकर जळालं. त्याचा धसका घेतलेल्या अमेरिकी वनसेवेने १९३५ मध्ये फर्मान काढलं, की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ मध्ये 'आग टाळा' सांगणाऱ्या सरकारी पोस्टरवर स्मोकी अस्वल आलं आणि पोराबाळांच्याही डोक्यात बसलं की आग म्हणजे शत्रू. मिशिगनमधले जॅक पाइन निवांत म्हातारे होत गेले. कर्टलंड वॉर्बलरच्या गाणाऱ्या नरांची मोजदाद १९५१ मध्ये ४३२ होती, १९६१ मध्ये ५०२ आणि १९७१ मध्ये २०१.

मग ५ मे १९८० रोजी मायोजवळ मॅक लेक इथे, याच पक्ष्यासाठी जागा करायला म्हणून वनसेवेने मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली. सुमारे २४ हजार एकर जळालं, ४४ घरं-इमारती गेल्या, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्या जळितावर पाइन उगवले आणि १९८६ च्या सुमारास पक्षी तिथे शिरले. १९८७ मध्ये १६७ वर अडकलेला आकडा १९९५ मध्ये ७६६ झाला. २०१९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

गेलेल्या जिवाचं समर्थन कुणीच करणार नाही. पण ठरवून, काळजी घेऊन लावलेल्या आगीने जे हळूहळू साधायचं होतं ते सत्तर वर्षांच्या विझवाविझवीने अडवून धरलं होतं, हे त्या आकड्यांत दिसतं. तेव्हा 'वणवा विझवा, पक्षी वाचवा' ही घोषणा सरसकट खरी नाही.

जरंडेश्वर

ताई, माहिती चांगली आहे. पण हे उदाहरण आमच्या साताऱ्याच्या डोंगरावर आणून सोडू नका, हात जोडून सांगतो.

तुमचा जॅक पाइन तीस-चाळीस वर्षांतून एकदा जळत असेल. आमचा उतार दरवर्षी जळतो. तोच उतार, तेच गवत. वीज पडून नाही, माणसं लावतात. कुणी म्हणतं पावसाळ्यात गवत जोमाने येतं, कुणी बांध साफ करताना सोडून देतं, कुणाची बिडी असते. शासनाच्या हिशेबाने आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आमच्याकडे दिवाळीनंतर गवत वाळलं की सुरू.

आम्ही गावातली आणि शहरातली पोरं मिळून विझवायला जातो. हातात ओल्या फांद्या, दोन ब्लोअर, पाठीवर पाण्याच्या बाटल्या. टँकर चढत नाही तिथं. वारं फिरलं की पळायचं, पडलं की पुन्हा झोडपायचं. गेल्या मार्चमध्ये आग विझल्यावर गवताच्या एका ठोंबाच्या बुडाशी मलबारी चंडोलाचं घरटं दिसलं. वाटी जशीच्या तशी, नुसती काळी. आत दोन पिल्लं, पंखांच्या नळ्या नुकत्या फुटलेल्या. मादी शेजारच्या दगडावर चोचीत नाकतोडा धरून बसलेली. तिला सांगा तुमचे १९९५ चे आकडे.

उद्या असाच कुणी आगलाव्या काडी ओढताना म्हणेल, 'अमेरिकेत तर पक्ष्यांसाठीच जाळतात.' तेव्हा विझवायला तुम्ही येणार नाही, आम्हीच जाणार.

आकडेमोड

धागाकर्तीने कथेतला खलनायकच गाळलाय. काउबर्ड.

हा पक्षी आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. मुळात मैदानी प्रदेशातला, गुराढोरांमागे फिरणारा. जंगलं तुटली तसा मिशिगनमध्ये शिरला. साठच्या दशकाच्या अखेरीस वॉर्बलरच्या जवळपास ७० टक्के घरट्यांत काउबर्डची अंडी सापडत होती आणि जोडीमागे वर्षाला एक पिल्लूही धड उडत नव्हतं. १९७२ पासून पिंजरे लावून हजारोंनी काउबर्ड पकडले, तेव्हा कुठे जोडीमागे सरासरी तीनच्या आसपास पिल्लं उडायला लागली. ५०२ वरून २०१ ही घसरण नुसती स्मोकी अस्वलाच्या माथी मारणं म्हणजे आकडे हवे तेवढेच घेणं.

तळ्याकाठची

@आकडेमोड, काउबर्डचं खरंच आहे. पण तुमचाच धागा पुढे ओढा. पिंजरे १९७२ ला लागले, पिल्लं तिप्पट उडायला लागली, मग संख्या का वाढली नाही? १९७४ मध्ये १६७ आणि १९८७ मध्ये पुन्हा १६७. पंधरा वर्षं पिल्लं उडत होती आणि संख्या जागेवर होती, कारण पुढच्या वर्षी परत आलेल्या नराला घरट्यासाठी योग्य वयाचं जंगलच नव्हतं. मॅक लेकचं जळीत सहा वर्षांचं झालं आणि आकडा उसळला. पिंजऱ्यांनी घसरण थांबवली, वाढ जागेने दिली. गेल्या काही वर्षांत तर पिंजरे बंद केलेत, आणि तरी काउबर्डची अंडी नगण्यच सापडतात.

@जरंडेश्वर, तुमच्या चंडोलाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मार्चमधली आग बरोबर आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मॅक लेक पेटलं तेव्हा बहुतेक वॉर्बलर अजून बहामा बेटांवरून यायचे होते. ते मेच्या मध्याला पोचतात. आग कधी, किती वर्षांनी आणि किती धगीची, हे तीन प्रश्न न विचारता 'आग' असा एकच शब्द वापरला की आपण एकमेकांशी नुसते भांडत राहतो.

सुगरणीचा_खोपा

आमच्या यवतमाळकडे वणवा लागला की वनखात्याच्या आधी कोतवाल आणि नीलकंठ हजर. आगीच्या तोंडातून उडणारे नाकतोडे हवेतल्या हवेत टिपतात. एका दिवसाची पंगत. दुसऱ्या दिवशी त्या राखेत खायला कोण जातं ते कुणी पाहत नाही.

(बाकी चालू द्या, मी वाचतेय.)

निवृत्त_वनपाल

नोकरी सगळी विदर्भात झाली. हा वाद तुमच्या-आमच्या जन्माआधीचा आहे, म्हणून थोडं जुनं सांगतो.

१८६० च्या दशकात कर्नल पिअरसन या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्ण बंद करून दाखवली. आता तो भाग मध्य प्रदेशात, सातपुड्यात येतो. प्रयोग यशस्वी झाला म्हणून सगळ्या हिंदुस्थानात आगबंदी पसरली. पण १८९६ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर' मासिकात स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने लिहिलं की ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण जरा जास्तच होतंय. आग बंद झाल्यावर ओल्या जंगलात खाली बांबू आणि इतर झाडी इतकी माजत होती की सागाच्या रोपाला उजेड मिळत नव्हता. पुढे सालाच्या जंगलांतही हीच ओरड झाली आणि काही ठिकाणी ठरवून जाळायला सुरुवात झाली. म्हणजे अमेरिकेत दहाच्या आत आग विझवायचा नियम निघाला, त्याच्या चाळीस वर्षं आधी आपल्याकडे त्याच्या उलट बोलणारे अधिकारी होते. तेव्हा ताई, तुमचा मुद्दा परदेशी नाही.

पण त्या साऱ्या वादात साग होता, साल होता. पक्षी कुणाच्या गावीही नव्हता. आणि पक्ष्यांच्या बाजूने पाहिलं तर मी जरंडेश्वर यांच्याकडे झुकतो. आपल्या शुष्क पानझडी रानात आगीची वाट पाहत बसलेला, कर्टलंडसारखा एकही गाणारा पक्षी मला माहीत नाही. उलट पालापाचोळ्यावर जगणारे भरपूर. नवरंग घ्या. मेअखेर, जूनमध्ये येतो आणि पाचोळा उलथून किडे, गांडुळं खातो. ज्या बीटात (म्हणजे गस्तीच्या हद्दीत) दोन-तीन वर्षं आग शिरली नाही तिथे पहिल्या पावसात नवरंगाची दुहेरी शीळ सकाळभर चालायची. दरसाल जळणाऱ्या बीटात जमीन टणक, पाचोळा शून्य, शीळ कधीतरी. ही शास्त्रीय गणना नव्हे, गस्तीवरच्या माणसाचे कान आहेत, एवढंच.

आमच्याकडची आग मोहाखाली सुरू होते. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पाला पेटवतात, आणि दुपारचं वारं ती पुढे नेतं. दुसरी तेंदूपत्त्यासाठी, कोवळी पालवी फुटावी म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. त्यापायी होणारी छाटणी आणि आगी त्यांना नको होत्या. पैसा सोडला लोकांनी. हे मला कुठल्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं.

बे_एरियातला_बंड्या

मिशिगनच्या वाळूत बसून आगीचं गुणगान सोपं आहे. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोत सकाळी दहा वाजता दिवे लावावे लागले होते, आकाश नारिंगी. त्या वर्षी कॅलिफोर्नियात चाळीस लाख एकरांहून जास्त जळालं. शंभर वर्षं विझवून विझवून जंगलात जळण साठवलंय, वर तापमान वाढलंय. आता त्यात 'थोडं जळू द्या' म्हणणं म्हणजे गॅस सुटलेल्या स्वयंपाकघरात खिडकी उघडायच्या आधी काडी ओढणं.

आणि पक्ष्यांचंच बोलायचं तर शेंड्यापर्यंत जळालेल्या रानातून हर्मिट थ्रश, किंगलेट, झाडाच्या सालीवर चढणारा ब्राउन क्रीपर हे लगेच गायब होतात. त्यांना दाट, जुनी सावली लागते. ती परत यायला तुमचं-माझं आयुष्य पुरणार नाही. एका वॉर्बलरसाठी बाकीच्यांचं काय?

तळ्याकाठची

@बंड्या, तुम्ही जे लिहिलंय ती आगबंदीचीच तक्रार आहे, फक्त माझ्यावर रागावून लिहिलीय. विझवणारे सौम्य आगी सहज विझवतात. ज्या विझत नाहीत त्या सगळ्यात भयंकर. म्हणजे शंभर वर्षांच्या विझवण्याने आगी कमी झाल्या हे अर्धंच. जमिनीलगत सरपटणाऱ्या, झाडांचे शेंडे शाबूत ठेवणाऱ्या आगी आपण वेचून काढल्या आणि उरल्या त्या थ्रशची सावली खाणाऱ्या.

दुसरं, जळालेलं रान म्हणजे मेलेलं रान नव्हे. १९८८ च्या मोठ्या आगींनंतर रिचर्ड हटो यांनी रॉकी पर्वतातल्या जळितांत पक्षी मोजले. पंधरा जाती अशा निघाल्या की त्या इतर कुठल्याही प्रकारच्या जंगलापेक्षा ताज्या जळितातच जास्त सापडत होत्या. माउंटन ब्लूबर्ड, ऑलिव्ह-साइडेड फ्लायकॅचर अशी मंडळी. उभी वठलेली खोडं, त्यांत भुंगेऱ्यांच्या अळ्या, अळ्यांमागे सुतारपक्षी, सुताराच्या जुन्या ढोलीत ब्लूबर्ड. सिएरा नेवाडातही पुढे हेच दिसलं: एकाच डोंगरात कुठे जोरात, कुठे हलकं, कुठे काहीच जळलेलं नाही अशी सरमिसळ असेल तिथे पक्ष्यांच्या जाती जास्त. थ्रशलाही जागा, ब्लूबर्डलाही.

बे_एरियातला_बंड्या

सरमिसळ कागदावर छान दिसते. ती आखणार कोण आणि वाऱ्याला कोण सांगणार? मॅक लेकलाही कागदावर छोटासाच तुकडा जाळायचा होता. इथे घरं जंगलाला खेटून आहेत, आमच्या विम्याचा हप्ता विचारा.

कानडी_जावई

सासुरवाडी चामराजनगरकडे, म्हणून एक आपल्याच देशातलं. बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी हिवाळा संपता संपता पालापाचोळा जाळायचे. गुडघ्याखालची आग, सकाळ-संध्याकाळ, दव असताना. १९७४ मध्ये अभयारण्य झालं आणि ते बंद पडलं. सोलिगांचं ठाम म्हणणं आहे की त्यानंतरच घाणेरीची (लँटानाची) झुडपं माजली. १९९७ ते २००८ या काळात तिथे घाणेरी कित्येक पटींनी वाढल्याचं संशोधकांनी मोजूनही दाखवलंय. आज काही ठिकाणी डोक्याहून उंच भिंत आहे. वरच्या फांद्यांवर बुलबुल मजेत, घाणेरीची फळं खाऊन बी पसरवताहेत. जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांना उतरायला जागा नाही.

तेव्हा वनपालकाका, 'आपल्याकडे आगीची वाट पाहणारा पक्षी नाही' हे ठीक. पण आग गेल्यावर जे माजतं त्याखाली गुदमरणारे पक्षी असू शकतात.

जरंडेश्वर

घाणेरीचं अर्धंच सांगितलंत जावईबापू. ती जाळली की बुंध्यातून पुन्हा दुपटीने फुटते, आणि मे महिन्यात घाणेरीच पेटली तर आग शेंड्याला जाते. बिळिगिरीत काम केलेल्या अभ्यासकांनीच हे चक्र मांडलंय: आगीने जागा मोकळी होते, घाणेरी घुसते, घाणेरीने पुढची आग मोठी होते. एकदा माजल्यावर सोलिगांची गुडघ्याखालची आगही तिथं गुडघ्याखाली राहत नाही. आधी उपटायला लागते, मुळासकट.

आणि सोलिगांनी जाळणं आणि आमच्याकडं कुणीतरी मोटरसायकल थांबवून काडी टाकून जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथं जाळणाऱ्याला जंगलातच राहायचं असतं.

आकडेमोड

मिशिगनकडे परत. बाईंच्या कथेचा शेवट त्यांनी सांगितलेला नाही. १९८० च्या अपघातानंतर वनसेवा मुद्दाम आग लावायच्या फंदात फारशी पडलीच नाही. आज कर्टलंड वॉर्बलरची घरटी बहुतांश लागवडीच्या पाइनांत आहेत: जुना पट्टा तोडायचा, रोपं ओळीने लावायची, मध्ये मोकळ्या जागा सोडायच्या. दरवर्षी लाखो रोपं. २०२१ च्या गणनेत सव्वादोन हजारांच्या आसपास जोड्या भरल्या, त्या या करवती आणि कुदळीवर. म्हणजे पक्ष्याला आग नको होती, ठरावीक उंचीचं झाड हवं होतं. आग न लावता ते मिळतं. मग 'विझवल्याने पक्षी मेले' या निष्कर्षाऐवजी 'विझवा आणि लागवड करा' हा का नको?

तळ्याकाठची

कारण लागवड एका पक्ष्यापुरती होते. जळितात उभी काळी खोडं राहतात. वॉर्बलरचा नर त्यांच्या टोकावर बसून गातो हे मी दुर्बिणीतून पाहिलंय, पण त्याचं त्यावाचून अडत नाही, तो पाइनच्या शेंड्यावरूनही गातो. अडतं ते काळ्या पाठीच्या सुताराचं, ज्याचं पोट त्या खोडांतल्या अळ्यांवर आहे. त्याच्या ढोल्यांवर जगणाऱ्यांचं अडतं. लागवडीच्या ओळींत फिरताना हे लगेच जाणवतं: सगळं एका मापाचं, वठलेलं खोड शोधूनही सापडत नाही. आणि जॅक पाइनच्या लाकडाला भाव नाही, त्यामुळे तोडणं-लावणं हा खर्च कुणाच्या तरी खिशातून कायमचा जात राहणार. यादीतून नाव काढलं तरी पक्षी माणसाच्या कुदळीवर अवलंबून आहे. आग हे काम फुकट करत होती.

@जरंडेश्वर, 'दरवर्षी' या तुमच्या मुद्द्याला मी अडकून बसलेय, म्हणून अजून एक. फ्लोरिडा-जॉर्जियातल्या लाँगलीफ पाइनच्या रानात बॅकमन्स स्पॅरो नावाचा गाणारा पक्षी आहे. तिथे दर दोन-तीन वर्षांनी गवतातून हलकी आग फिरवतात. चार-पाच वर्षं आग फिरली नाही की खाली झुडपं माजतात आणि पक्षी रान सोडून जातो. तोही जमिनीवर घरटं करणारा, तुमच्या चंडोलासारखा. म्हणजे थोड्या वर्षांनी येणारी आग आणि जमिनीवरचं घरटं हे एकत्र नांदू शकतात, हंगाम सांभाळला तर.

जरंडेश्वर

तिथं दोन-तीन वर्षं मध्ये जातात ना? आम्हाला एक वर्ष सुटका नाही. तुमचा तो स्पॅरोसुद्धा दर मार्चला घरट्यासकट भाजला तर टिकेल का सांगा. आणि हंगाम सांभाळणार कोण? चंडोल मार्चमध्ये बसतो, मुनिया आणि वटवटे पावसाळ्यात, टिटवी उन्हाळाभर. उरतो डिसेंबर-जानेवारी. त्या दिवसांत धुकं आणि दव असतं, गवत पूर्ण पेटत नाही, म्हणून काडी लावणाऱ्याला ते नकोच असतं.

निवृत्त_वनपाल

हेच तर. पूर्ण पेटत नाही म्हणूनच तो काळ चांगला. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून ठेवायचे पट्टे, आम्ही याच दिवसांत घ्यायचो. संध्याकाळी चारनंतर, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायची, बरोबर दहा-बारा मजूर. ज्वाळा पोटरीपर्यंत येते, मधले ओले ठोंब जळत नाहीत आणि सशाला, तित्तिराला पळायला वाव राहतो. मे महिन्यात दुपारी तोच पट्टा पेटला तर आंब्याच्या उंचीएवढी ज्वाळा पाहिलीय मी.

सातारकर मंडळींना माझी सूचना अशी. सगळा उतार वाचवण्याचा हट्ट दरवर्षी हरताय. त्याऐवजी डिसेंबर-जानेवारीत गावाच्या संमतीने आणि वनविभागाला सोबत घेऊन उताराचे पट्टे पाडा. एक पट्टा हलका जाळलेला, शेजारचा दोन वर्षं राखलेला, असं आलटून-पालटून. मार्चची आग आलीच तर जळलेल्या पट्ट्याशी येऊन मरते. आणि चंडोलाला राखलेला पट्टा मिळतो.

आकडेमोड

यात मी येतो, पण एका अटीवर. पट्टे पाडायच्या आधीच्या वर्षीपासून पक्षी मोजायचे. त्याच ठरलेल्या जागा, तीच वेळ, मार्चमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा. आणि शेजारचा एक उतार आत्ता चाललाय तसाच सोडायचा. नाहीतर चार वर्षांनी इथेच धागा निघेल आणि वनपाल म्हणतील चंडोल वाढले, जरंडेश्वर म्हणतील घटले, आणि दोघांकडे फक्त कान असतील.

जरंडेश्वर

मोजायला माझी ना नाही, पोरं तयार आहेत. पण तो 'चाललाय तसाच सोडायचा' उतार कुठला? पेटलेला दिसत असताना माझी पोरं नुसती बघत उभी राहणार नाहीत, आधीच सांगून ठेवतो. आणि वनपालसाहेब, पट्टे कागदावर काढणं सोपं. वनविभागाच्या हद्दीत गावकऱ्यानं डिसेंबरमध्ये काडी ओढली तर गुन्हा दाखल होतो. मार्चमध्ये ओढणारा सापडत नाही. लेखी परवानगी कोण देणार, वनक्षेत्रपाल की उपवनसंरक्षक?

निवृत्त_वनपाल

वनक्षेत्रपालाच्या पातळीवर होणार नाही. ती बाब उपवनसंरक्षकांकडेच जाईल, आणि कार्ययोजनेत (वनविभागाच्या त्या जंगलासाठीच्या आराखड्यात) तरतूद नसेल तर तेही सही करणार नाहीत. आधी कार्ययोजनेत पाहा तुमच्या कक्षासाठी, म्हणजे जंगलाच्या त्या क्रमांकित तुकड्यासाठी, काय लिहिलंय. कक्ष क्रमांक व्यक्तिगत निरोपाने कळवा, कुठे बघायचं ते सांगतो. बरोबर ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन पडतं.